घंटा, टिनाचं छप्पर आणि तिसरीतला मुलगा : एका दोनशिक्षकी शाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातल्या कापूसपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. पटावर ४१ मुलं, शिक्षक दोन. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. मॅडमची खोली टिनाच्या छपराची. तिच्या खिडकीबाहेर पाच पावलांवर रुळाचा तुकडा टांगलेला, तीच शाळेची घंटा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे छोटू म्हणू.

छोटू तिसरीत, वय आठ. आईवडील दोघंही मजुरीला जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी सहालाच निघते, मग आजी त्याला शाळेत आणून सोडते. मराठी वाचन वर्गात सगळ्यात चांगलं, पाढे उलटेही येतात. बोलणं मात्र तुटक, नजर बहुतेक खाली. रस्त्यावरून जाणारी मोटारसायकल कोणाची, हे तो न बघता आवाजावरून सांगतो. गावात याचं कौतुक होतं. त्याच कानांना शाळेतली घंटा कशी लागत असेल, हे मात्र बरेच दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रकार वाढले. छोटू मध्येच उठून पळायचा, दोनदा थेट डांबरी रस्त्यापर्यंत गेला. कोणी अडवलं की स्वतःचं मनगट चावायचा, हाताला येईल त्याला ढकलायचा. एकदा ढकलल्यावर चौथीतल्या मुलीचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं आणि टाके पडले. तिचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. “त्याले घरी ठेवा, नाहीतर आमची पोरगी काढून नेतो,” हे त्यांचं म्हणणं. लेकीच्या कपाळाला टाके पडलेला बाप असंच बोलणार.

शाळेची रीत तेव्हा अशी होती: छोटू बिघडला की आधी मॅडम मोठ्याने समजावायच्या, मग सर येऊन दटावायचे, मग आजीला निरोप जायचा आणि आजी शेतातून आईला बोलावून घ्यायची. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अर्धा दिवस गेला की कापूसही तेवढाच कमी आणि पैसेही.

मॅडमची अवस्थाही बघायला हवी. दोन वर्ग एकाच खोलीत, मतदारयादीचं बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम, ऑनलाइन माहिती भरण्यासाठी केंद्रशाळेतून येणारे फोन. सकाळी सातला घर सोडलं की दुपारच्या खिचडीपर्यंत पोटात काही नाही. घसा कायम बसलेला. रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडतं, हे त्यांनी पुढे विशेष शिक्षिकेला सांगितलं. चिडलेल्या मुलासमोर उभ्या असलेल्या बाईंचं अंगही त्याच्याइतकंच धोक्याच्या तयारीत होतं. या प्रकरणात हे नोंदवणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचे निम्मे बदल तिथूनच सुरू झाले.

शरीरात काय चालतं

धोका जाणवला की स्वायत्त, म्हणजे आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेतला सिंपथेटिक भाग पुढे येतो. काळीज जोरात धडधडतं, स्नायू ताणले जातात, पळायची किंवा भिडायची तयारी होते. अशा वेळी विचार करणं, थांबणं आणि बोललेलं समजून घेणं यांसाठी लागणारा मेंदूचा पुढचा भाग नीट काम करत नाही. म्हणून त्या क्षणी समजावलेलं आत पोचत नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तर ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वांत जास्त वाढलेलं असतं. पाचव्या मिनिटाला शांत दिसणाऱ्या मुलाला “आता सॉरी म्हण” म्हटलं की दुसरा भडका का उडतो, त्याचं एक कारण हे. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) वर्णपटातल्या अनेक मुलांना आवाज, उजेड, स्पर्श इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत हे लक्षण निकषांमध्येच घेतलं आहे.

इथे एक सावधगिरी. शिक्षकांच्या कार्यशाळांमध्ये हल्ली स्टीफन पोर्जेस यांचा १९९४ चा पॉलीव्हेगल सिद्धांत, म्हणजे भीती आणि शांतपणा व्हेगस मज्जातंतूवरून समजावणारी मांडणी, ठाम शास्त्र म्हणून शिकवला जातो. त्यातल्या मज्जातंतूंच्या रचनेविषयीच्या दाव्यांवर शास्त्रज्ञांमध्ये गंभीर मतभेद आहेत. या शाळेत जे केलं त्याला त्या सिद्धांताची गरज पडली नाही. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाची गती थोडी मंदावते, आणि अचानक आलेल्या आवाजापेक्षा आधी कळलेला आवाज कमी दचकवतो, एवढ्यावर भागलं.

नोंदवही

तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका आल्या आणि त्यांनी पहिल्या भेटीत कोणताच उपाय सांगितला नाही. दोनशे पानी वहीत रकाने आखून दिले: वेळ, आधी काय चाललं होतं, खोलीत काय होतं (आवाज, ऊन, पंखा), सकाळी खाल्लं होतं का, त्याने काय केलं, मोठ्यांनी काय केलं, शांत व्हायला किती मिनिटं लागली. तीन आठवडे फक्त लिहायचं.

पहिला आठवडा वाया गेला. मॅडम शाळा सुटल्यावर आठवून लिहायच्या, त्यामुळे “कारण नसताना मारलं” अशा ओळी झाल्या. मग वही खिडकीत दोरीने बांधून ठेवली आणि प्रसंग संपल्या संपल्या चार शब्द लिहायचे ठरलं. उरलेल्या दोन आठवड्यांत १४ प्रसंग नोंदले गेले. त्यातले सहा घंटेनंतर दोन-तीन मिनिटांत घडलेले, चार सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणत असताना, दोन वेळापत्रक अचानक बदललं तेव्हा. दोनांचं कारण सापडलं नाही. चौदापैकी नऊ प्रसंगांच्या वेळी तो सकाळी उपाशी आला होता.

आईला वही वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “तो मुद्दाम नाई करत जी मॅडम. घरी पन टिनावर पाऊस आला का कान दाबून माच्याखाली बसते.” माचा म्हणजे खाट. हे तिला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

पर्याय

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चार पर्याय निघाले.

दाखला देऊन शहरातल्या विशेष निवासी शाळेत पाठवावं, हा पहिला, आणि सर्वांत जास्त माना याच पर्यायाला डोलल्या. सरांनी स्पष्ट सांगितलं की शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पालकांनी स्वतः दाखला मागितला तर गोष्ट वेगळी, पण त्यांच्यावर तसा दबाव आणणं म्हणजे काढून टाकणंच. आईची इच्छा नव्हती. विषय संपला.

दुसरा, अर्धा दिवस शाळा. हा वरवर सोपा वाटतो. पण न सांगता तेच चाललं होतं: बिघडला की घरी. पळालं की सुटका होते हे मूल त्यातून शिकतं आणि आईची मजुरी बुडते ती वेगळीच.

तिसरा, निदान आणि प्रमाणपत्र होईपर्यंत थांबणं. तपासणी हवीच होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर पुढच्या सवलती मिळतात. (लक्ष एकाग्र न होणं व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, त्या यादीत वेगळी नाही, त्यामुळे त्या मुलांचे पालक कागदांत अडकतात.) पण खिडकीबाहेरची घंटा हलवायला प्रमाणपत्र कशाला लागतं, असं विशेष शिक्षिकेने विचारलं.

चौथा, तपासणी सुरू ठेवून शाळेत लगेच बदल करायचे. हा ठरला. “दोन ठेवून दिल्या असत्या तर आतापर्यंत सुधारला असता” हे मतही आलं. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, एवढं इतिवृत्तात लिहून पुढे गेले.

काय केलं

आधी कान तपासले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्याची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. उजवा कान वाहत होता. औषधाने तो बरा झाला, आवाजाचा त्रास तसाच राहिला. तरी हा क्रम चुकवू नये. दुखरा कान, किडका दात, जंत, न दिसणारा फळा यांतलं काहीही मुलाला दिवसभर चिडचिडं ठेवू शकतं, आणि मग आपण वागणूक सुधारत बसतो.

घंटा उचलून मैदानाच्या टोकाला कडुलिंबाच्या झाडाला टांगली. दहा-बारा ठोक्यांऐवजी तीन. चौथ्या आठवड्यात विशेष शिक्षिकेने सुचवलं की घंटा छोटूलाच वाजवू द्या. सरांना हे उरफाटं वाटलं. पण स्वतः केलेल्या आवाजाचा अंदाज मेंदूला आधीच असतो, म्हणून तो कमी टोचतो. आपली आपल्याला गुदगुली होत नाही, त्यातलाच हा प्रकार. पहिल्या दिवशी त्याने डावा कान खांद्यावर दाबला, उजव्यावर हात ठेवला आणि एकच ठोका इतका हळू दिला की घंटा कोणाला ऐकूच गेली नाही. पोरं हसली नाहीत, कारण मॅडमने आदल्या दिवशी वर्गाशी बोलून ठेवलं होतं. दहाव्या दिवशी तीन ठोके पूर्ण झाले.

पाढे सगळ्यांनी एका सुरात म्हणणं बंद करून जोडीजोडीने, हलक्या आवाजात सुरू केले. यातून भलताच फायदा झाला: सुरात सूर मिसळून वेळ मारून नेणारी पाच मुलं मॅडमला सापडली.

वेळापत्रकासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचे हाताएवढे आठ तुकडे कापले. त्यावर परिपाठ, मराठी, गणित, खिचडी, खेळ, सुट्टी अशी चित्रं काढली आणि ती सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावली. काम झालं की मुलांनीच चित्र उलटायचं. एक लाल पुठ्ठा “आज वेगळं” म्हणून ठेवला. पाहुणे येणार, लसीकरण होणार, सर बैठकीला जाणार, तर परिपाठातच तो लावायचा.

खाण्याचं: पावणेअकराला सगळ्या वर्गाला मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. एकट्या छोटूला दिलं असतं तर त्यालाच चिडवलं असतं. डबा खिचडीवाल्या मावशींच्या ताब्यात. खर्च समितीने उचलला.

अंगाला जोर लागणारं काम काही मुलांना स्थिरावतं. म्हणून पाढ्यांच्या तासाआधी बस्करपट्ट्या गुंडाळून नेणं, पुस्तकांचा गठ्ठा दुसऱ्या खोलीत पोचवणं, अर्धी बादली पाणी झाडांना घालणं अशी कामं छोटूला दिली. इथे चूक झाली. आठवड्यात गावात बोललं गेलं की मास्तरीण पोराकडून पाणी भरून घेते. वडील तणतणत आले. कोणाच्या लेकराला बादली उचलायला लावतात, याला आपल्याकडे जातीचाही इतिहास आहे, तेव्हा त्यांचा राग खोटा नव्हता. मॅडमने त्यांना खुर्ची दिली, नोंदवही दाखवली आणि चूक मान्य केली. दुसऱ्या दिवसापासून कामांची पाळी फळ्यावर लागली. त्यात ४१ जण होते, सरांचंही नाव होतं. छोटूच्या पाळ्या फक्त वेळ बघून लावलेल्या.

शांत जागा व्हऱ्हांड्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात केली. तिथे दुपारीही ऊन येत नाही. जुनी गोधडी, एका बाजूला पडदा, दाबायला कापडी पिशवी. पिशवीत आधी सरकी भरायचं ठरत होतं. पेरणीच्या पाकिटातल्या सरकीला कीटकनाशक लावलेलं असतं, ती मुलांच्या हातात देऊ नये, म्हणून अर्धा किलो तूर भरली. तिसऱ्या रात्री उंदरांनी पिशवी कुरतडली. नंतर पिशवी रोज पत्र्याच्या डब्यात जाऊ लागली. अंगावर वजनाचं जाकीट घालण्याचा सल्लाही कोणी दिला होता. त्याचा पुरावा कमकुवत आहे आणि विदर्भाच्या उन्हात ते चालणारही नाही, म्हणून तो सोडला.

या जागेची खरी अडचण उंदरांची नव्हती. पाचव्याच दिवशी सर रागाच्या भरात “जा कोपऱ्यात!” असं ओरडले, आणि दुपारपर्यंत पोरं त्याला शिक्षेचा कोपरा म्हणू लागली. छोटू आठवडाभर तिकडे फिरकला नाही. मग नव्याने सुरुवात केली. नाव “सावली” ठेवलं. सगळे शांत असताना प्रत्येक मूल पाच-पाच मिनिटं तिथे बसून आलं, सरही बसले. नियम तीन: जायला परवानगी लागत नाही, फक्त दारावरचा खडा उचलून न्यायचा. तिथे असलेल्याशी कोणी बोलायचं नाही. परत आल्यावर जाब विचारायचा नाही, येतं असं सोपं काम हातात द्यायचं. चुकीबद्दलचं बोलणं खिचडीनंतर, किमान अर्ध्या तासाने.

मॅडमचा भाग

मॅडमने तीन गोष्टी धरल्या. खोलीत शिरण्याआधी उंबऱ्याजवळ पाच श्वास: चार मोजून घ्यायचा, सहा मोजून सोडायचा. मुलांना हाच सराव परिपाठात “बशीतला चहा फुंकतो तसं” म्हणून दिला. आधी भ्रामरी प्राणायामासारखा गुणगुणाट करून पाहिला होता, पण चाळीस जणांच्या गुंजारवाने छोटू बाहेर पळाला. भडका उडाल्यावर मात्र “श्वास घे” म्हणायचंच नाही. शांतपणी शंभरदा केलेलंच तेव्हा थोडंफार उपयोगी पडतं.

दुसरं, प्रसंगाच्या वेळी आवाज वाढवायचा नाही, खाली आणायचा. बाजूला, हातभर अंतर ठेवून, गुडघ्यावर बसायचं. दार अडवायचं नाही. तीन-चार शब्दच: “मी इथं आहे.” “सावलीत जाऊ?” बाकी गप्प. उरलेल्या मुलांना चौथीतली दोन मुलं सरांच्या खोलीत नेतील. याची तालीम एरवी, शांत दिवशी, तीनदा झाली.

तिसरं सगळ्यात अवघड होतं: अदलाबदल. स्वतःचा तोल जातोय असं वाटलं की मॅडमने दाराबाहेर हिरवा रुमाल टाकायचा, सरांनी काही न विचारता खोलीत यायचं, मॅडमने दोन मिनिटं हापशीवर जाऊन तोंड धुऊन पाणी प्यायचं. पहिले पंधरा दिवस रुमाल पडलाच नाही, मॅडमना कमीपणा वाटत होता. एक दिवस सरांनीच आपल्या दारात रुमाल टाकला. त्यानंतर तो दोन्ही बाजूंनी पडू लागला.

काय झालं

जानेवारीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तीन प्रसंग नोंदले गेले आणि रस्त्याकडे पळणं थांबलं होतं. शांत व्हायला आधी पाऊण तास लागायचा, आता दहा-पंधरा मिनिटं. आईला शेतातून बोलवावं लागलं नाही. टाके पडलेल्या मुलीशी बोलणं मात्र उशिरा झालं. ती दोन महिने छोटूपासून लांब बसत होती, आणि या सगळ्या धावपळीत तिला कोणी विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये घडी विस्कटली. सकाळची शाळा सुरू झाली, म्हणजे उठण्याची, खाण्याची, खिचडीची वेळ एकदम बदलली. त्याच आठवड्यात मॅडम प्रशिक्षणाला गेल्या. त्यांच्या जागी तात्पुरत्या आलेल्या शिक्षकांना सुतळीवरची चित्रं कशासाठी हे माहीत नव्हतं, त्यांनी ती उतरवून कपाटात ठेवली. दहाच्या पुढे टीन तापायचं, वीज गेली की पंखा बंद. आठ दिवसांत सात प्रसंग. मॅडम परतल्या, चित्रं परत लागली, साडेनऊनंतरचा वर्ग कडुलिंबाखाली भरू लागला, तेव्हा कुठे पुन्हा जम बसला.

तपासणी पाच महिन्यांनी पूर्ण झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन खेपा, प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी गेली. निदान स्वमग्नतेच्या वर्णपटाचं झालं. प्रमाणपत्राचं काम अजून चालू आहे. निदानाने वर्गातल्या योजनेत एकही बदल करावा लागला नाही. वडिलांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, “मंग हे त्याच्या हातात नाई ना?”

वेगळं काय करता आलं असतं

नोंदवही दिवाळीआधीच, पहिल्यांदा पळाला तेव्हा सुरू व्हायला हवी होती. मुलांमधल्या दिव्यांगत्वाची शक्यता लवकर हेरण्यासाठीच्या एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या पडताळासूचीचा पहिला भाग वर्गशिक्षकालाच भरता येतो. तो दुसरीतच भरला असता तर तपासणी वर्षभर आधी सुरू झाली असती.

आईला निर्णयात फार उशिरा घेतलं. टिनावरचा पाऊस आणि माच्याखाली बसणं ही माहिती पहिल्या दिवशी मिळाली असती, तर घंटेकडे तेव्हाच लक्ष गेलं असतं.

एकाच आठवड्यात पाच बदल सुरू केले. मुलगा सावरला, पण नक्की कशाने हे वहीवरून सांगता येत नाही. आमचा कयास घंटा आणि खाणं हाच. दर दहा दिवसांनी एक बदल केला असता तर कयास करावा लागला नसता. मात्र मूल रस्त्याकडे धावत असताना एवढं थांबायचं का, याचं उत्तर आम्हीही “नाही” असंच देऊ.

आणि योजना दोघांच्याच डोक्यात होती. आता दारामागे एक पान चिकटवलं आहे, नव्या शिक्षकाला दोन मिनिटांत वाचता येईल एवढं: घंटा तो वाजवतो, चित्रं उतरवू नका, पावणेअकराला फुटाणे, दार अडवू नका, सॉरी लगेच मागू नका. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी दोन दिवस आजी छोटूला रिकाम्या शाळेत घेऊन येणार आहे. चौथीत त्याची बसायची जागा तो स्वतः निवडेल, आणि घंटा आहे तिथेच आहे का, हे बघून जाईल.